सिस्टरबाईंची बिनआवाजी गाडी

माझा नवरा डोळे मिटून आरती म्हणत होता आणि माझं सगळं लक्ष त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडं लागलं होतं.

गणपतीच्या टेबलाला सासूबाईंचं जुनं इरकली लुगडं चारी बाजूंनी गुंडाळलेलं होतं, पार फरशीपर्यंत. त्या लुगड्याच्या काठाखालून एक काळा ओघळ बाहेर आला होता. आमच्या पुढच्या खोलीची फरशी दाराकडं जराशी उतरती आहे. त्या उतारानं तो ओघळ, कसलीही घाई नसल्यासारखा, रणधीरच्या अंगठ्याकडं निघाला होता.

टाळ्या वाजवता वाजवता मी सासूबाईंना कोपरानं ढोसलं. त्यांनी खाली पाहिलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. हातातलं निरांजन माझ्याकडं दिलं, एक पाऊल पुढं टाकलं आणि पायानं बाजूची समई कलंडवली.

"अगंबाई! समई गेली!"

आरती थांबली. वात विझली, तेल पसरलं, काळ्यात पिवळं मिसळलं. मी धावत जाऊन फडकं आणलं. रणधीरनं पाय उचलून अंगठा निरखला.

"समईचं तेल एवढं काळं?"

"काजळी असते ती," सासूबाई म्हणाल्या. "वर्षभर समईकडं बघायचं नाही आणि आज चौकशी करायची. म्हण पुढं. देवाला ताटकळत ठेवू नये."

त्यानं परत डोळे मिटले. त्याच्यासमोर गणपती होता, गणपतीखाली टेबल होतं आणि टेबलाखाली, लुगड्याच्या आड, आमच्या मारुती एट हंड्रेडचं अख्खं इंजिन होतं.

ही आटपाडीतली दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या सासूबाईंना सगळा तालुका द्वारकासिस्टर म्हणून ओळखायचा. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेला. आटपाडीत कुणाशी भांडण झालं तर त्या एवढंच म्हणायच्या, "तुला पहिली चापट मी मारलीय, जन्मल्या जन्मल्या, रडावास म्हणून." पुढं भांडण व्हायचं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी पांढरी एट हंड्रेड घेतली आणि त्या वयात गाडी शिकल्या. स्ट्रेचर ढकलल्यासारखी गाडी चालवायच्या. समोरच्यानं बाजूला व्हायचं, हे गृहीतच. आठवड्यातून एकदा त्या गाडी काढून लांबच्या वस्त्यांवर जायच्या. तिथल्या पोटुशा बायकांना बघायच्या, कुणाचं रक्त कमी, कुणाला सूज, कुणाला आताच्या आता दवाखान्यात न्यायला हवं. निवृत्तीचा आणि या कामाचा संबंध असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात सरपंचांनी नवी व्यायामशाळा बांधली. उद्घाटनाला मांडव, वाजंत्री, रस्त्याच्या कडेनं लाल फीत. सरपंचांनी कात्री उघडली आणि त्याच वेळी एक बकरी आडवी आली म्हणून सासूबाईंनी स्टिअरिंग वळवलं. फीत गाडीनंच कापली. नुसती कापली नाही, ती वायपरमध्ये अडकली आणि लाल झेंड्यासारखी फडफडत बाजारपेठेपर्यंत गेली.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सरपंच पोट धरून हसले. पण रणधीरला हसू आलं नाही. तो विम्याच्या कामात होता आणि त्याला प्रत्येक वळणावर अपघात दिसायचा.

"आई, आता गाडी बंद," तो म्हणाला.

"किल्ली काढून घे मग," सासूबाई म्हणाल्या. किल्ली त्यांच्या कमरेला होती.

किल्ली काढून घ्यायची त्याची छाती नव्हती. म्हणून त्यानं दुसरा मार्ग काढला. गावात पंप दोनच. एक जालिंदरमामांचा, म्हणजे सासूबाईंच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. दुसरा रणधीरच्या वर्गमित्राचा. त्यानं दोघांना सांगून ठेवलं, आईला पेट्रोल द्यायचं नाही.

चार-दोन दिवसांनी मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. सासूबाई उन्हातून आल्या आणि पंख्याखाली बसल्या. गाडी दोन पोरांनी ढकलत आणून दारात सोडली होती.

"माझ्या पाठच्या भावानं मला पेट्रोल नाकारलं," त्या म्हणाल्या.

"आणि दुसऱ्या पंपावर?"

"त्यानं मला लांबूनच पाहिलं आणि 'पेट्रोल संपले' अशी पाटी लावली. पाटीच्या मागं टँकर रिकामा होत होता."

मला हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत. पाणी प्यायल्या, पेला खाली ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "वैजू, तू लग्नाआधी त्या कारखान्यात होतीस. तिथल्या गाड्या पेट्रोलवर नव्हत्या ना?"

मी इलेक्ट्रिकलची इंजिनिअर. लग्नाआधी दोन वर्षं भोसरीत नोकरी केली होती. गोदामात माल उचलणाऱ्या, बॅटरीवरच्या गाड्या आम्ही बनवायचो. लग्न ठरलं, आटपाडीला आले. इथं तसला कारखाना नाही, तेव्हा नोकरीचा विषय निघाला नाही. कुणी नको म्हणालं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

"बॅटरीवर होत्या," मी म्हणाले.

"मग ही का नाही चालणार?"

"तसं कसं आई? इंजिन काढायचं, त्या जागी मोटर बसवायची, ती गिअरबॉक्सला जोडायची, बॅटऱ्या, कंट्रोलर..."

"म्हणजे होतं."

"होतं. पण ह्यांना कळलं तर?"

"तो सोमवारी फिरतीवर जातो आणि शुक्रवारी येतो," सासूबाई उठत म्हणाल्या. "आणि गाडीचं बॉनेट त्यानं आजवर उघडलेलं नाही. भेंडी राहू दे. कागद-पेन्सिल घे."

आमच्या मागच्या अंगणात गोठा होता, पण जनावर नव्हतं. तिथं गाडी ढकलत नेली. लेथवाला मुबारक मुलाणी मदतीला आला. त्याच्या तिन्ही मुली सासूबाईंच्या हातावर जन्मलेल्या, त्यामुळं त्यानं तोंड उघडायचा प्रश्न नव्हता. गोठ्याच्या तुळईला साखळीची कप्पी लावून आम्ही इंजिन उपसून काढलं आणि कडब्याखाली झाकलं.

मोटर मी कुपवाडच्या भंगारबाजारात शोधली. मोडीत निघालेल्या एका फोर्कलिफ्टची होती, दुधाच्या किटलीएवढी, पण दोघांना मिळून उचलेना. घरी रणधीरला आम्ही सांगितलं होतं, माझ्या मावसबहिणीचं डोहाळजेवण आहे. मुबारकच्या टेम्पोतून मोटर आणली. नेमका त्या दिवशी रणधीर लवकर घरी आला होता आणि दारातच भेटला. टेम्पोत मोटरवर सासूबाईंनी खणाचं कापड टाकून वर नारळ ठेवला होता.

"कसं झालं डोहाळजेवण?" त्यानं विचारलं.

"छान," सासूबाई म्हणाल्या. "बाळ वजनदार आहे."

मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर माझ्या जुन्या कारखान्यातल्या एका मैत्रिणीनं पाठवला. बॅटऱ्या वापरलेल्याच, एका टेलिफोन टॉवरवरून निघालेल्या. दोन पुढं, चार डिकीत. मोटर आणि गिअरबॉक्स जोडायची जाड पोलादी चकती मुबारकनं लेथवर कातून दिली. पहिली बसली नाही. दुसरीही बसली नाही. तिसऱ्या वेळी मीच त्याच्या लेथशेजारी उभी राहून मापं घेतली, साडीला ऑइलचे डाग पाडून घेतले आणि ती चकती अशी बसली की मुबारकनं मशीन बंद करून मला चहा सांगितला.

पहिली चाचणी गोठ्यातच. सासूबाई स्टिअरिंगवर. मी म्हणाले, "पहिला गिअर टाका, हळूच दाबा." त्यांनी दाबलं आणि गाडी सुळ्ळकन मागं गेली. कडब्याची गंजी पाडून भिंतीला टेकली.

"पहिला टाका म्हटलं होतं आई!"

"पहिलाच आहे. तूच बघ." त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हिला आपलं घर आवडलेलं दिसत नाही. माहेरी निघालीय."

मोटर उलटी फिरत होती. माझ्याकडून दोन वायरी अदलाबदल झाल्या होत्या. त्या बदलल्या आणि गाडी पुढं आली. आवाज नाही, धूर नाही, फक्त डबीत भुंगा ठेवल्यासारखी बारीक गुणगुण. अंगणात आम्ही गोल गोल फेऱ्या मारल्या. मी बाजूला बसले होते आणि लहान पोरीसारखी खिदळत होते. एवढं हसायला काय झालं होतं, मलाच कळत नव्हतं.

पुढचा प्रश्न इंजिनाचा. गणपतीला रणधीरनं आठवड्याची रजा काढली आणि आल्या आल्या जाहीर केलं, या सुट्टीत गोठा साफ करणार. तो दुकानातून चुना आणायला गेला तेवढ्या वेळात मुबारकनं आणि आम्ही दोघींनी इंजिन हातगाड्यावरून पुढच्या खोलीत आणलं. ठेवायचं कुठं?

"टेबलाखाली," सासूबाई म्हणाल्या. "गणपती हलेपर्यंत तिथं कोण हात घालणार आहे?"

आणि म्हणून ती आरती, तो ओघळ आणि ती समई.

गौरींबरोबर आमच्याकडं विसर्जन असतं. मला दोन दिवस आधीपासून झोप नव्हती. गणपती उठला की रणधीर मखर काढणार, टेबल हलवणार.

"आई, आता काय करायचं?"

"त्याच्या आधी सांगून टाकायचं."

"कसं?"

"गाडीत बसवून."

विसर्जनादिवशी दुपारी उत्तरपूजा झाली. रणधीरनं रेशमी झब्बा घातला होता. "मी रिक्षा सांगून येतो," तो म्हणाला.

"रिक्षा कशाला? घरची गाडी आहे की."

"आई, तिच्यात पेट्रोल नाही."

"तळ्यापर्यंत उतारच आहे."

"मामाच्या पंपापर्यंत उतार आहे. पुढं चढ लागतो."

"तू मूर्ती घेऊन बस. चढाचं चढाला बघू."

सणाच्या दिवशी आईशी वाद नको म्हणून तो बसला, मूर्ती मांडीवर घेऊन. मी मागं, गौरी आणि खिरापतीचा डबा घेऊन. सासूबाईंनी पदर खोचला, किल्ली फिरवली. टक्क. पुढं काहीच ऐकू आलं नाही.

"बघ, चालू होत नाही," रणधीर म्हणाला, आणि त्याच्या खिडकीबाहेरून आमचं फाटक मागं सरकलं.

तो खूश झाला. "वा. उतार चांगलाच आहे की."

उताराच्या तळाशी मामांचा पंप. सासूबाईंनी इंडिकेटर दिला आणि गाडी आत घातली. मामा ऑफिसातून पळत बाहेर आले आणि त्यांनी लांबूनच हात जोडले.

"आक्का, पाया पडतो. पेट्रोल मागू नको. भाच्यादेखत तरी मागू नको."

"पेट्रोल कोण मागतंय? हवा भर."

"हवा?"

"चारी चाकांत. मोफत लिहिलंय ना वर?"

मामांनी नळी ओढली. पहिल्या चाकापाशी बसले आणि म्हणाले, "पंपावर इंजिन बंद करावं लागतं आक्का. नियम आहे."

"बंदच आहे."

मामांनी बॉनेटला कान लावला. मान हलवली. चारी चाकांत हवा भरली. सासूबाईंनी "बरं, येते" म्हटलं आणि गाडी कुणी न ढकलता, आवाज न करता, जागची हलून रस्त्याला लागली. मी मागं वळून पाहिलं. मामा नळी हातात घेऊन तसेच उकिडवे बसले होते आणि नळीतून नुसती हवा चालली होती.

चढ लागला.

"आई, चढ आला," रणधीर म्हणाला.

"हो, दिसतोय."

"मग गाडी कशी चालतेय?"

"मूर्ती नीट धर."

त्यानं मूर्ती सावरली. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, खाली वाकून आईच्या पायांकडं पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडं बघायला लागला. "वैजयंती?"

मी डब्याचं झाकण उघडलं. "खिरापत देऊ?"

"विसर्जनाआधी?"

"नको मग," म्हणून मी झाकण लावलं.

तळ्यावर त्यानं गणपती-गौरी शांतपणे बोळवल्या. ओल्या धोतरानं परत आला, तो थेट गाडीपाशी. बॉनेट उघडलं. बराच वेळ तो आत बघत उभा राहिला.

"इंजिन कुठाय?"

"त्याचीच तर आरती करत होतास," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं आधी स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलं. "कुणी केलं हे?"

"मला काय विचारतोस? स्क्रू कुणीकडं फिरवायचा तेसुद्धा मला कळत नाही."

तो माझ्याकडं वळला. "तू?"

"हो."

"सगळं?"

"चकती मुबारकभाईंनी कातली. बाकी मी."

"मला विचारलं असतंस तर..."

"तर?"

माझा नवरा प्रामाणिक माणूस आहे. त्यानं नीट विचार केला. "तर मी नको म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

"आणि आरटीओची परवानगी?"

"ती नाही."

"म्हणजे ही गाडी रस्त्यावर यायलाच नको!" विमावाल्याचा चेहरा परत आला. आणि त्याचं खरंच होतं. नंतर त्या परवानगीसाठी त्यानंच सांगलीला इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई त्याला न विचारता पाणी द्यायचा. एवढ्या नियमांतून वाट काढता काढता त्याला त्यात गोडी लागली. आज कुपवाडला माझं वर्कशॉप आहे, आम्ही जुन्या गाड्यांना बॅटरीवर चालवायचे, रीतसर मंजुरीचे किट बसवून देतो, आणि तिथलं कागदपत्रांचं सगळं खातं रणधीरकडं आहे. पण त्या दुपारी यातलं काहीच नव्हतं. त्या दुपारी त्यानं फक्त आईपुढं हात केला.

"किल्ली."

मला वाटलं, संपलं. सासूबाईंनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. तो स्टिअरिंगवर जाऊन बसला. "बसा. सरळ घरी जायचं आणि ही गाडी गोठ्यात लावायची."

सरळ घरी जायचा रस्ता डावीकडं होता. त्यानं गाडी उजवीकडं, तळ्याच्या बांधावर घेतली.

"इकडं कुठं?" सासूबाईंनी विचारलं.

"वळवायला जागा बघतोय."

जागा शोधत तो अख्खा बांध फिरला. मग म्हणाला, दुसऱ्या गिअरमध्ये कशी ओढते ते एकदा बघू. मग तिसऱ्यात. बांधावर बगळे बसले होते, ते गाडी अगदी जवळ येईपर्यंत उडेनात. तो खिडकीतून त्यांना बघत होता आणि गालातल्या गालात हसत होता.

"अहो, मीटर बघा," मी मागून म्हणाले. "बॅटऱ्या जुन्या आहेत."

"हो हो. आणखी एकच फेरी."

अशा एकच फेऱ्या बऱ्याच झाल्या. सासूबाईंनी माझा हात दाबला आणि डोळा मारला. सत्तरीकडं झुकलेल्या बाईनं मारलेला तो पहिलाच डोळा मी पाहिला.

परतताना चढाचा उतार झाला होता म्हणून निभावलं. उतार संपला आणि गाडी मंदावत मंदावत नेमकी मामांच्या पंपाच्या अलीकडं उभी राहिली. रणधीर उतरला. झब्ब्याच्या बाह्या सरसावल्या आणि ढकलायला लागला. मीही उतरले. सासूबाई आत बसून स्टिअरिंग धरून होत्या आणि हाताच्या इशाऱ्यानं लोकांना बाजूला करत होत्या. विसर्जनाची गर्दी होती, पंपावर मोटारसायकली, ट्रॅक्टर, एका मंडळाचा टेम्पो. सगळे बघत होते.

मामांचा चेहरा उजळला. "आता देऊ का पेट्रोल?"

रणधीरनं घाम पुसला. "नको मामा. प्लग कुठाय?"

गाडी ऑफिसच्या मागं, पेट्रोलच्या यंत्रांपासून लांब लावली. चार्जर डिकीत होताच. खिडकीतून वायर आत घेऊन रणधीर बोर्ड शोधायला गेला. आम्ही दोघी बाहेर बाकड्यावर टेकलो. मामांनी स्वतः चहा आणला आणि समोर स्टूल ओढून बसले.

"आक्का, आता तरी मला मोकळं कर. येता-जाता लोक शेण घालतात तोंडात, सख्ख्या बहिणीला पेट्रोल देत नाही म्हणून. रणधीर सांगून गेला होता, पण मी त्याला वाटेला लावलं होतं. म्हटलं, माझी बहीण आहे, मी देणार. दुसऱ्या दिवशी तूच येऊन बजावलंस, देऊ नको म्हणून. त्या दुसऱ्या पंपवाल्यालाही तूच पाटी लावायला लावलीस. का, ते अजून कळलं नाही मला."

सासूबाईंनी चहाचा घोट घेतला. "जालिंदर, साखर कमी आहे."

"आं?"

"साखर आण जा."

मामा गेले. माझ्या हातातला कप हातातच राहिला होता.

"आई?"

त्या समोर रस्त्याकडं बघत होत्या. "मला काय पेट्रोल मिळालं नसतं होय गं? या तालुक्यात कुणाच्याही गाडीला नळी लावून काढलं असतं, वर चहा पिऊन आले असते."

"मग हे सगळं..."

"गेल्या वर्षी श्रावणात मिक्सर बिघडला, आठवतं? तू तो ओट्यावर उघडून बसलीस. मी तीन हाका मारल्या, तुला ऐकू आल्या नाहीत. भाजी करपली, तेही कळलं नाही. गाणं म्हणत होतीस तू. लग्न होऊन आल्यापासून तुला गाताना मी ऐकलं नव्हतं." त्यांनी कप खाली ठेवला. "मग फाटक वाजलं. रणधीर आला. तू सगळे स्क्रू पटकन डाळीच्या डब्यात टाकलेस आणि हात पुसलेस. तो काही बोलला नाही, वाईट माणूस नाही तो. दुसऱ्या दिवशी नवा मिक्सर घेऊन आला. तुझं तोंड बघितलं मी तेव्हा."

मी पदरानं डोळे टिपले.

"तुला नुसतं म्हटलं असतं, वैजू, काहीतरी कर, तर तू म्हणाली असतीस, नाही आई, माझं छान चाललंय." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थापटलं. "रडू नकोस. मला काही तेवढ्यासाठीच करायचं नव्हतं. गाडी झालीच ना माझी?"

तेवढ्यात ऑफिसात फट्ट असा आवाज झाला आणि सगळा पंप एकदम मुका झाला. यंत्रांवरचे आकडे गेले, पंखे थांबले, ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघर करत बंद पडला. मामा साखरेचा डबा घेऊन बाहेर आले.

"गेलं! सणासुदीचा पंप गेला!"

"सिस्टरबाईंच्या गाडीनं सगळं पेट्रोल प्यायलं काय?" रांगेतून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. कुणी वायरमनला फोन लावला. वायरमन मिरवणुकीत नाचत होता, त्याला ऐकूच येत नव्हतं. हॉर्न वाजायला लागले.

मी उठले आणि ऑफिसात गेले. बोर्ड जुना होता, झाकण अर्धवट निघालेलं. चार्जर आणि कॉम्प्रेसर एकाच फेजवर आले होते, फ्यूज जाणारच होता. मेन स्विच खाली ओढला. अंगावर सणाची काठापदराची साडी, दोन्ही हातांत बांगड्या. काचेच्या राहू दिल्या आणि सोन्याच्या काढून शेजारी कोण आहे न बघता पुढं केल्या. त्या रणधीरनं घेतल्या.

दारात माणसांची गर्दी झाली होती. एक फेटेवाले आत शिरायला बघत होते. "ओ वहिनी, हात लावू नका, शॉक बसंल! गडीमाणसाला बघू द्या की."

रणधीर वळला. एका हातात माझ्या बांगड्या, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर, ओलं धोतर, घामानं भिजलेला झब्बा.

"मागं सरका," तो म्हणाला. "उजेड अडवू नका. त्या इंजिनिअर आहेत."

फेटेवाले मागं सरले. मी हात मागं केला, त्यानं स्क्रूड्रायव्हर दिला. जळालेली तार काढली, नवी भरली, मेन वर केला. कॉम्प्रेसर धडधडला, आकडे उगवले, बाहेर हॉर्न थांबले.

मामांनी साखरेच्या डब्यासकट मला नमस्कार केला.

मागच्या बाजूनं, गाडीतून, सासूबाईंचा आवाज आला. "वैजू, झालं असेल तर माझा प्लग परत लाव गं. मला घरी जायचंय."

"परत?" मामा दचकले. "परत तेच? रणधीर, अरे तू तरी सांग!"

रणधीर माझ्या बांगड्या मोजल्यासारख्या करत होता. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"मामा," तो म्हणाला, "त्या सांगतील तसं करा."